कुंपणातली वाट

“भाऊजी, डबा ओट्यावरच राहिलाय तुमचा,” वहिनी म्हणाल्या आणि बोलता बोलता त्यांनी डावा पाय उचलून काल संध्याकाळी लावलेल्या झुडपाच्या पलीकडे टाकला. उजवा पाय मात्र झुडपावरच पडला. गुडघा पूर्वीसारखा वर जात नव्हता, त्याला त्या काय करणार!

भाऊजी हातात पाण्याचा पाइप घेऊन उभे होते. पाणी त्यांच्याच बुटात जात होतं.

“येताना आणणार होते,” खांद्यावरची पिशवी सारखी करत वहिनी म्हणाल्या, “पण म्हटलं, बंद केलेल्या वाटेनं बागेच्या माणसाचा डबा कसा न्यायचा? बरं दिसत नाही ते.”

आणि त्या नव्या लाल मातीच्या ट्रॅकवरून, नव्या बाकांच्या मधून, समोरच्या फाटकाकडे चालू लागल्या. फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे हॉस्पिटल आणि हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री. तिथल्या वाफेत चादरी धुऊन, इस्त्री करून त्यांनी एक संसार उभा केला होता आणि त्या संसारात भाऊजीही आले.

भाऊजींनी पाइप बंद केला. मोडलेलं झुडूप सरळ करून बुडाशी माती दाबली. घराचं मागचं दार तिथून दिसत होतं. दार उघडं असलं की ओट्यावरचा डबासुद्धा दिसे. पण अंगात बागेचा गणवेश असताना कुंपणातून जायचं नाही, हा भाऊजींनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेला नियम. डबा आणायचा तर फाटकातून बाहेर पडून, ट्रकांच्या रस्त्यानं अख्ख्या बागेला वळसा घालून घरी जायचं आणि तसंच परत यायचं. तोवर जेवणाची सुट्टी संपायची. त्यामुळे डबा विसरला की हा माणूस घरापासून हाकेच्या अंतरावर उपाशी बसायचा.

भाऊजी ते वहिनींचे. पण वहिनी हाक मारत म्हणून घरांची ती अख्खी ओळच त्यांना भाऊजी म्हणू लागली होती. वयानं मोठा असलेला कोपऱ्यावरचा शिंपीसुद्धा. बाटल्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा ते मोठ्या भावाकडे ‘थोडे दिवस’ म्हणून राहायला आले. भाऊ गेला, थोडे दिवस काही संपले नाहीत. रोज सकाळी भांग पाडून ते बाहेर पडत आणि कुठेतरी पोचायचं असल्यासारखे भरभर चालत. कुठे निघालात, असं विचारायचं नाही, हे ओळीतल्या पोराटोरांनाही कळत होतं. वहिनींनी कधी एका शब्दानं हिणवलं नाही. त्यांच्या ताटात वाढताना हात आखडला नाही. उपकाराची जमा कुणी मांडून दाखवली नाही की माणूस ती स्वतःच मनात मांडत बसतो. भाऊजींच्या मनातलं ते खातं बरंच फुगलं होतं.

मग शहरानं बाग वाढवायला काढली.

हॉस्पिटल आणि ही ओळ यांच्यामध्ये जुनी बाग होती आणि बागेला लागून ओळीच्या बाजूला भलंमोठं उजाड मैदान. काचा, राडारोडा, फुटके टायर. त्या सगळ्यातून एक पायवाट गेली होती. ओळीतल्या माणसांनी चालून चालून ती इतकी गुळगुळीत केली होती की अंधारातही पायाला बरोबर सापडायची. आता मैदान बागेत आलं. टायर गेले, चालायला ट्रॅक आला, झाडं आली, दिवे आले. खोटं कशाला बोला, ओळीतल्या सगळ्यांनाच आनंद झाला. फक्त फाटकं दोन झाली आणि दोन्ही पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर. ओळीच्या बाजूला सलग कुंपण. फाटकापाशी बागेचं रंगीत चित्र लावलं होतं, त्यात ओळीच्या जागी हिरवा रंग फासून गोल गोल झाडं काढली होती. शिंप्यानं ते चित्र बराच वेळ निरखलं आणि आपण नेमक्या कोणत्या झाडाखाली राहतो ते बोट ठेवून बायकोला दाखवलं.

शिंप्यानंच अर्ज लिहिला. ओळीच्या बाजूला एक छोटं फाटक मिळावं. सगळ्यांनी सह्या केल्या. उत्तर आलं की बाब विचाराधीन आहे. उत्तर आलं याचंच शिंप्याला इतकं समाधान वाटलं की दुसऱ्या दिवसापासून तो सायकल घेऊन वळशानं जाऊ लागला. बाकीचेही त्याच्या मागोमाग गेले.

“त्यांचा विचार होऊ द्या सावकाश,” वहिनी म्हणाल्या. “तोवर मी चालते.”

वळसा घ्यायचा तर नळाला पाणी येण्याआधी घर सोडायला हवं. म्हणजे पाण्यावर पाणी सोडायचं. शिवाय ट्रकांच्या रस्त्याला कडेला पाय टेकायला जागा नाही. गुडघ्याचं तर बोलूच नका.

बागेत माळी हवेत ही बातमी वहिनींनीच लाँड्रीतून आणली होती. भाऊजींना गणवेश मिळाला तेव्हा त्यांनी त्याला अशी इस्त्री केली की घडीच्या धारेवर कांदा चिरावा. पहिल्या दिवशी भाऊजी ओळीतून उगाचच दोनदा गेले. कुठे निघालात, असं त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं. आणि मग त्यांच्या वाट्याला काम कोणतं आलं? मागच्या बाजूचं कुंपण लावणं, जगवणं आणि त्यात फट राहू न देणं.

तेव्हापासून हे चाललं होतं. संध्याकाळी भाऊजी झुडपं लावत, सकाळी वहिनी त्यांवरून जात. भाऊजींनी चर खणला, तर वहिनींनी घरातली जुनी फळी आडवी टाकली. फळी दुपारी काढून टाकावी, तर ती संध्याकाळी भाऊजींनाच घरी न्यावी लागे, कारण भाकरीचा डबा तिच्यावर ठेवायचा असे. घरात मात्र या लढाईचा ब्र निघत नसे. एकाच दिव्याखाली दोघं जेवत, नळाच्या वॉशरबद्दल बोलत आणि झोपत.

सुपरवायझर काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावर मोठ्या बाई होत्या. मोठ्या बाईंच्या डोक्यावर आणखी कुणी असेल.

“कोण जातं इथून?” त्यानं एकदा फटीपाशी उकिडवं बसून विचारलं.

“कुत्री असतील, साहेब.”

“कुत्री बूट घालत नाहीत, माळी.”

भाऊजींनी मातीतल्या ठशाकडे पाहिलं. उजवी टाच झिजलेली. तो बूट त्यांनी स्वतः दोनदा शिवून आणला होता. 

मग सुपरवायझरनं काटेरी रोपं पाठवली. बोटभर काट्यांची, कणखर जात. भाऊजींनी ती लावली. वाईट लावली असती तर मरून गेली असती, पण रोप वाईट लावणं त्यांच्या हाताला जमेना. सगळी जगली. एका संध्याकाळी वहिनी पोटऱ्यांवर मलम चोळत बसल्या होत्या. लाल ओरखडे घोट्यापासून वर गेले होते. भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला.

“जेवा,” वहिनी मलमाच्या डबीचं झाकण लावत म्हणाल्या. “तुमचा हात मात्र चांगला आहे हं. एकही रोप मान टाकून नाही. माझ्या आयुष्यात इतकी जोमदार रोपं मला बोचली नव्हती.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर भाऊजींना सोपं गेलं असतं.

वाढवलेल्या बागेचं उद्घाटन जवळ आलं तसं सुपरवायझरनं भाऊजींना बाजूला घेऊन साफ सांगितलं. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी मोठ्या बाई ट्रॅकवरून चालत येणार. कुंपणात फट दिसली तर माळी बदलला जाईल. “फटीतून जाणाऱ्या बाई तुमच्या घरातल्या आहेत ते मला ठाऊक आहे,” तो हळूच म्हणाला. “मी लिहिलेलं नाही कुठे. पण आता तुम्हीच बघा.”

त्या संध्याकाळी भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा वहिनींकडे काही मागितलं. म्हणाले, तेवढं उद्घाटन होईपर्यंत वळशानं जा, पाणी मी कुठूनतरी आणून ठेवतो. ताटाकडे बघूनच म्हणाले. नोकरीचंही सांगितलं.

वहिनींनी पळी हातात घेतली. मग भांड्यातलं उरलेलं सगळं भाऊजींच्याच ताटात वाढत म्हणाल्या, “तुमची नोकरी जावी असं मला वाटेल का? तो गणवेश मी इस्त्री करते, भाऊजी. पण मी एक दिवस वळसा घेतला ना, की दुसऱ्या दिवशी ते म्हणतील, बघा, जमतंय की तिला. शिंप्याचं काय झालं बघितलंत? आता तोच मला सांगतो की वळशानं व्यायाम होतो.” रिकामं भांडं खाली ठेवत त्या म्हणाल्या, “तुम्ही तुमचं काम करा. मला अडवा. मी रागावणार नाही. पण मी येणार.”

भाऊजींनी ताट पुसूनपुसून खाल्लं. झोप मात्र लागली नाही.

मोठ्या बाई यायच्या त्या सकाळी फट भरलेली होती. आदल्या दिवशी सुपरवायझरनं उभं राहून तीन थोराड काटेरी झाडं तिथे लावून घेतली होती. भाऊजी त्यांच्यापुढे कुंपणाला पाठ करून उभे. गणवेश कडक. ट्रॅकवरून मोठ्या बाई येत होत्या, बरोबर सुपरवायझर. ओळीतली मागची दारं एकेक करून उघडली. शिंपी सायकलला हात लावून उभा राहिला, वळशाला निघायचं विसरून.

भाऊजींनी मागे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. पावलं ओळखीची होती, उजवं जरा ओढत येणारं. पावलं झाडांपाशी थांबली.

“भाऊजी,” मागून आवाज आला, रोज डब्याचं सांगताना यायचा तसाच. “बाजूला व्हा. उशीर होतोय.”

“माळी, त्यांना फाटकानं यायला सांगा,” सुपरवायझर म्हणाला. मोठ्या बाई थांबून पाहत होत्या.

भाऊजी वळले. काट्यांपलीकडे वहिनी उभ्या होत्या. पोटऱ्यांना त्यांनी जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, हॉस्पिटलचा निळा शिक्का दिसत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. त्या खरंच रागावल्या नव्हत्या. त्या फक्त वाट पाहत होत्या, कुणी दार उघडायला गेलं असताना माणूस उंबऱ्यात उभा राहतो तशा.

भाऊजींनी कुदळ उचलली. सुपरवायझरला हायसं वाटलं असावं, कारण तो मोठ्या बाईंकडे बघून हसला. भाऊजी मधल्या झाडाशी बसले आणि बुडाभोवतीची माती गोल उकरू लागले.

“काय करताय, माळी?”

“थांबा, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “मुळासकट काढतो. ओढलं तर मरेल.”

सुपरवायझरचा आवाज चढला. आधी ‘माळी’, मग नुसतं ‘अहो’, मग शब्दच नाहीत. भाऊजींच्या कुदळीनं घाई केली नाही. त्यांनी झाड मातीच्या गोळ्यासकट उचललं, लहान मुलाला उचलावं तसं खालून हात देऊन, आणि फटीच्या डाव्या कडेला नव्या खड्ड्यात बसवलं. दुसरं उजव्या कडेला. तिसरं त्याच्यामागे. माती पायानं दाबली. हाताला काटे लागून रक्त आलं होतं, ते त्यांनी कडक इस्त्रीच्या विजारीला पुसलं.

“जा आता,” ते म्हणाले.

वहिनी गेल्या. मोठ्या बाईंच्या शेजारून जाताना त्यांनी रीतसर मान लववली आणि बाग छान झाली आहे, असं मनापासून सांगितलं. त्यांच्या मागून सायकलीची घंटी वाजली. शिंपी होता. त्याच्या मागून आणखी दोघं. मग भाऊजींनी मोजलं नाही.

“उद्यापासून कामावर येऊ नका,” सुपरवायझर अखेर म्हणाला. त्याचाही चेहरा पडला होता.

“कामावर नाही येणार,” भाऊजी म्हणाले. “इथून येईन.”

आणि ते गणवेशासकट फटीतून घरी गेले. डबा ओट्यावरच होता.

गणवेश परत करायचा होता. वहिनींनी तो लाँड्रीत नेऊन धुतला, रक्ताचा डाग पूर्ण जाईपर्यंत धुतला आणि पहिल्या दिवशीसारखी इस्त्री करून आणला. भाऊजी तो दोन्ही हातांवर आडवा धरून, वाटेनं सरळ चालत, बागेच्या कचेरीत देऊन आले. परत येताना कुणी काही विचारलं नाही. भाऊजींनी खोलीतली गणवेशाची खुंटी तशीच रिकामी ठेवली. त्यावर दुसरं काही टांगलं नाही.

फाटक अजून विचाराधीन आहे. नवा माळी आला, त्यालाही फट भरायला सांगितलं होतं म्हणे. त्यानं रोपं लावली. ओळीतली माणसं त्यांवरून गेली. लावता लावता तोच कंटाळला.

सकाळी वहिनी निघायच्या आधी भाऊजी घरच्या शर्टात कुंपणापाशी जातात. शिंप्यानं दिलेल्या बोथट कात्रीनं फटीच्या दोन्ही कडा कापतात, वाटेत आलेला प्रत्येक काटा खुडतात. आपल्याच हातची झाडं, जोमानं वाढतात. नवा माळी आतून पाइप घेऊन बघत असतो. भाऊजी मागे सरले की तो त्या झाडांच्या बुडाशी पाणी सोडतो.

मग वहिनी येतात. आता पट्ट्या लागत नाहीत. अजून त्या रोज डबा भरतात, कामाला जाणाऱ्या माणसाचा भरावा तसा, घट्ट झाकणाचा.

“भाऊजी, डबा ओट्यावर ठेवलाय,” म्हणतात आणि पाय फारसा न उचलता पलीकडे जातात.