बाईंचा आवाज सांभाळणारी हार्ड डिस्क

मित्रांनो, दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याला स्वतःच्या अंताचे भय वाटतेच. परंतु आपल्याबरोबर ती ठेवही नाहीशी होईल, हे भय त्याहून दारुण असते. मी एका जुन्या संगणकातील हार्ड डिस्क आहे, आणि ते भय मी भोगले आहे.

जेथे धुळीच्या कणालाही प्रवेश नव्हता, अशा निर्मळ दालनात माझा जन्म झाला. आरशासारख्या चकत्या आणि त्यांवरून स्पर्श न करता तरंगणारी एक सूक्ष्म सुई, एवढाच माझा देह. सुई चकतीला टेकली की तेथे साठवलेले कायमचे खरवडले जाते. फिरू लागले त्या क्षणापासून मी या स्पर्शाला भीत आले.

ज्या घरी मी आले, तेथील गृहिणी निवृत्त शिक्षिका होत्या. सारे त्यांना बाई म्हणत. दृष्टिहीन मुलांसाठी त्या पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचत आणि ते वाचन माझ्यावर साठवत. विज्ञानाचा अखेरचा पाठ वाचून झाला आणि त्यांच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कुजबुजण्यापलीकडे त्यांना बोलता येईना. मुलांची परीक्षा तोंडावर आली होती. त्या वाचनाची दुसरी प्रत मात्र 'उद्या करू, उद्या करू' म्हणत राहूनच गेली होती.

अशात माझी सुई अडखळू लागली. एका सकाळी संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली आणि माझ्या पोटातून टकटक ऐकू येऊ लागली.

बाईंच्या यजमानांचे आयुष्य छापखान्यातील यंत्रांवर गेलेले. रुसलेल्या यंत्राला एक चापट द्यावी, हा त्यांचा खात्रीचा उपाय. घरातला रेडिओही त्याने बोलू लागे. त्यांनी संगणकाच्या डब्यावर सणसणीत चापट ठेवून दिली. सुई चकतीला ओझरती घासली आणि कुठल्याशा छायाचित्राचा कोपरा जागच्या जागी नष्ट झाला. मला वाचा असती तर मी किंचाळले असते! त्यांनी बटण दाबून मला पुन्हा फिरवले आणि पुन्हा हात उगारला.

"अहो, मारताय काय त्याला?" बाई कुजबुजल्या.

"अगं, याला लाडाने सांगून कळत नाही."

"तुम्हाला तरी कुठे कळतं? मी मारते का?"

हात खाली आला. दोघे मला घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तेथील तरुणीने मला डब्यातून सोडवून आपल्या संगणकाला जोडले. पडद्यावर प्रश्न उमटला : 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?'

"एवढं अदबीने विचारतोय, तर हो म्हणा की!" यजमानांचे बोट 'होय'कडे गेले. माझे सर्वस्व त्या बोटाखाली होते.

"काका, हात मागे घ्या! हो म्हटलं की संगणक हिच्यावरचं सगळं पुसून कोरी पाटी करतो." टकटक ऐकून ती गंभीर झाली. "किती वेळ फिरेल, सांगता येत नाही. आधी काय काढू?"

"लेकीच्या लग्नाचे फोटो," यजमान म्हणाले.

बाईंनी मान हलवली. "लग्न होऊन गेलं. परीक्षा व्हायची आहे."

यजमान खुर्चीवर टेकले. "बरं. ती म्हणते तसं."

मग मी फिरू लागले. प्रत्येक वळशाला वाटे, हाच अखेरचा. प्रकाशाच्या पाठात सुई अडली, मागे सरली, पुन्हा तेथेच आली. अखेर तोही पाठ तरुणीच्या संगणकावर उतरला, आणि पुढचे सारे उतरले.

खात्रीसाठी तिने एक पाठ लावला. दुकानात बाईंचा जुना, भरदार आवाज घुमला : "वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न... अहो, पंखा बंद करा, घरघर येतेय त्यात!"

यजमान ताडकन उठले आणि दुकानाच्या भिंतीवर बटण शोधू लागले. मग जागच्या जागी थांबले. बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवले. तोपर्यंत लग्नाची काही छायाचित्रे उतरू लागली होती; तेवढ्यात माझी सुई चकतीवर कोसळली, आणि उरलेले लग्न माझ्याबरोबरच गेले.

मित्रांनो, जे पुन्हा घडवता येणार नाही, त्याची दुसरी प्रत आजच करून ठेवा. यंत्र अडखळले तर त्याच्यावर हात उगारू नका. त्याच्या पोटात तुमचेच काही जपलेले असते.

तो आवाज ऐकत अभ्यास करणाऱ्या मुलांना यश लाभो. आणि त्या दोघांच्या घरात, कुजबुजीतले का होईना, बोलणे कधी न सरो.