टेकडीची माती

"माती ओतताना त्यांनी आणि आपल्या साहेबांनी, दोघांनीही कॅमेऱ्याकडे बघायचं, एवढं त्यांना सांगा," राजशिष्टाचार अधिकारी दुभाषी बाईच्या कानाशी कुजबुजला.

तिने सांगितलं. परदेशी प्रांताचे व्यापारमंत्री मान हलवून हसले. राज्य सरकारने त्यांच्या प्रांताशी मैत्रीचा करार केला होता. त्याची खूण म्हणून सरकारी बागेत एक रोप लावायचं आणि मुळाशी दोन्हीकडची माती घालायची, असं ठरलं होतं. मंत्र्यांनी लाकडी पेटी उघडली.

"ही आमच्या बंदरावरच्या टेकडीची माती," ते म्हणाले.

भाषांतर करायचं सोडून दुभाषी पेटीतल्या मातीकडे बघत राहिली.

"काय म्हणाले?" अधिकाऱ्याने डोळे वटारले.

"बंदरावरच्या टेकडीची माती आहे म्हणाले."

टाळ्या वाजल्या.

त्या बंदरावर तिचा नवरा क्रेन चालवायचा. बस्तान बसलं की बायकोला आणि आईला बोलावून घेणार होता. म्हणून तर ती इथे बसून तिकडची भाषा गिरवत होती. क्रेन कोसळली आणि ती भाषा पहिल्यांदा कामी आली ती फोनवर, देह पाठवा म्हणून गयावया करायला. कोणी पाठवला नाही. परक्या कामगारांना पुरतात तिथे, टेकडीवर, त्यालाही पुरलं. पुढे त्याच भाषेवर तिने घर चालवलं. सासूबाईंच्या जिवाला मात्र एकच घोर लागून राहिला: तिथे त्याच्याकडे बघायला कोणी असेल का?

दुभाष्याने पदरचं काही बोलायचं नसतं. पण जेवणाकडे जाताना मंत्री शेजारून चालत होते, आणि तिला राहवलं नाही.

"त्या टेकडीवर कामगारांची दफनभूमी आहे. तिथे कोणी जातं का?"

मंत्री थबकले. "तुमचं कोणी होतं?"

"नवरा."

त्यांनी नजर वळवली. "टेकडी राहिली नाही आता. गोदामांसाठी सपाट केली. तेव्हाची थोडी माती आठवण म्हणून ठेवली होती. कबरी हलवल्या की नाही, मला माहीत नाही. माहीत असायला हवं होतं."

"काय म्हणतायत?" अधिकारी पुढे सरसावला.

"टेकडीच्या जागी आता गोदामं झालीत म्हणतायत. आपला माल ठेवायला."

"अरे वा," अधिकारी खूश झाला.

जेवणाआधी भाषणं झाली. दोघांचं नातं खोल रुजो, हे वाक्य तिने दोन्ही भाषांत म्हटलं. आवाज कुठे हलला नाही.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "तिकडचीच माणसं होती ना गं? काही कळलं?"

गोदामांचं तिने गिळून टाकलं. "त्या टेकडीची माती आणली होती, आई. बागेत रोपाला घातलीय. उद्या नेते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी दोघी बागेत गेल्या. रोपाभोवती दोर बांधला होता. सासूबाईंनी वाकून मातीकडे हात नेला.

"आजी, हात नका लावू," रखवालदार म्हणाला. "सरकारी झाड आहे."

"नाही लावत, बाबा." त्यांनी हात मागे घेतला.

ऊन चढलं होतं. रोपाची पानं मलूल दिसत होती.

"आई, तिकडे बाक आहे. सावलीत बसा."

"असू दे गं."

सासूबाई दोराच्या कडेने पलीकडे गेल्या, उन्हाकडे पाठ केली, आपली सावली रोपावर नीट पडली का ते पाहिलं, आणि तिथेच उभ्या राहिल्या.