वरचे बेचाळीस मीटर

तुमच्या चौकशी समितीच्या अहवालात, तिसऱ्या पानावर, तुम्ही खोटं लिहिलंय. आणि लिहितानाच ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही म्हणता, "कॉमेंट क्रमांक ४१२ ही इंजिनियर रेणू यांनी स्वतःच्या तांत्रिक निर्णयानुसार बंद केली." खाली माझ्या सहीसाठी रेघ मारून ठेवलीत. मंगळवारी तुमच्या एचआरच्या बाईंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि गोड आवाजात सांगितलं, सही केलीस की विषय संपला, नोकरीला धक्का नाही. सही केली नाही तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. गरजच नव्हती. माझा व्हिसा तुमच्या कंपनीच्या नावावर आहे. नोकरी गेली की अमेरिका सोडायला हातात साठ दिवस. तेवढ्यात प्लेनोतलं घर, माझ्या मुलाची, ईशानची सातवी, सगळं गुंडाळायचं.

शुक्रवारी पाचपर्यंतची मुदत दिलीत. आज शुक्रवार आहे, दुपारचे दोन वाजलेत. मराठीत लिहितेय, कारण जे सांगितलं गेलं ते मराठीत सांगितलं गेलं. भाषांतर तुम्ही करून घ्या. वकील परवडतात, तर दुभाष्याही परवडेल.

आस्तानातल्या त्या टॉवरच्या माथ्याची ड्रॉइंग मी काढली. कझाकस्तानला मी कधी गेले नाही. इथे टेक्सासात, एसीत स्वेटर घालून बसून मी उणे चाळीस डिग्रीतली इमारत काढत होते. तिच्या शेवटच्या मजल्यावर एकतीस मीटरचा मुकुट होता. ॲल्युमिनियमची उभी पाती, आत काहीच नाही. मग कळलं, त्याच शहरात कोणी तरी आणखी उंच बांधतंय. मालकाचा निरोप आला: अकरा मीटर वाढवा, देशातली सगळ्यात उंच इमारत आपलीच पाहिजे. मुकुट बेचाळीस मीटरचा झाला. त्या बेचाळीस मीटरमध्ये कोणी राहत नाही, कोणी काम करत नाही, साधा एक दिवासुद्धा कोणाच्या उपयोगाचा नाही. उंची मोजताना तेवढी धरली जाते, बस.

वाढलेल्या पात्यांवर बर्फ धरणार, हे मला मॉडेलमध्येच दिसलं. आधीच्या ड्रॉइंगमध्ये पाती गरम ठेवणाऱ्या तारा होत्या. उंची वाढवताना त्या काढून टाकल्या होत्या. मी कॉमेंट टाकली: "बर्फाच्या लाद्या सुटून खाली पडतील. खाली बसस्टॉप आहे. तारा परत बसवा." नंबर पडला ४१२.

आपल्या ऑफिसची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ड्रॉइंग पाठवायच्या आधी सगळ्या कॉमेंट हिरव्या दिसल्या पाहिजेत. एक जरी लाल, म्हणजे उघडी, राहिली तरी ड्रॉइंगचा सेट जात नाही. आणि बंद करताना कारण निवडायला एकच पर्याय आहे: "निराकरण झालं." "नंतर बघू" असा पर्याय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. नंतर बघू हे फक्त तोंडाने सांगता येतं.

त्या रविवारी मी शैलेंद्रदादांकडे जेवायला गेले होते. हे माझे मॅनेजर. पुण्याचे, इथे वीस वर्षं, मला नोकरीत घेतलं त्यांनीच. रुपालीवहिनी साबुदाणा वडे तळत होत्या. दादा म्हणाले, "रेणू, अगं तुझी ती एक लाल राहिलीय. उद्या सकाळी सेट जायचाय."

"दादा, ती खरी आहे. बर्फ पडेल."

"नागपूरच्या पोरीनं मला बर्फ शिकवायचा? तुमच्याकडे पंचेचाळीस डिग्रीत माणसं वितळतात!" वहिनी हसल्या. मीही हसले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "क्लोज कर यार आत्ता. सेट गेला की सोमवारीच आपण दोघं मिळून परत उघडू. मी आहे ना?"

वहिनी म्हणाल्या, "कामाचं पुरे आता. घे, गरम आहे तोवर खा."

मी ओट्यावर लॅपटॉप उघडला, तेलकट बोटांनी बटण दाबलं. कॉमेंट हिरवी झाली.

सोमवारी आठवण केली. दादा म्हणाले, क्लायंटकडे गेलं, आता उघडलं तर सगळं मागे येईल. मी एकदाच विचारलं. पुन्हा विचारलं नाही, कारण माझ्या ग्रीन कार्डचं पत्र सहीसाठी त्यांच्या टेबलावर होतं. हे कोणी माझ्याकडून वदवून घेत नाहीये, मी स्वतः लिहून देतेय.

या फेब्रुवारीत बर्फाची लादी पडली. साइटवरच्या साउलेने मला फोटो पाठवला. साउले तिथली समन्वयक, तीन वर्षं रोज आमचं बोलणं व्हायचं. बसस्टॉपचं छप्पर मधोमध फाटलेलं, आणि बर्फात सगळीकडे बटाटे. पिशवी फुटली होती. ज्या बाईची पिशवी ती फोटोत नव्हती, तिला आधीच उचललं होतं. साउलेने फक्त लिहिलं: "ती जागीच गेली." मी नाव विचारलं. उत्तर आलं, "आम्हाला बोलायची परवानगी नाही. पुढे मला मेसेज करू नकोस."

चौकशीत मी शैलेंद्रदादांचं नाव घेतलं. तुम्ही विचारलंत, लेखी पुरावा? म्हटलं, स्वयंपाकघरात बोलले. तुमच्यातले एक गृहस्थ चक्क हसले. त्याच संध्याकाळी दादांचा फोन आला.

"माझं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"तुला धाकट्या बहिणीसारखं वागवलं, त्याचं हे?"

"वहिनी तिथेच होत्या, दादा. त्यांना विचारा."

फोन वहिनींच्या हातात गेला. त्या म्हणाल्या, "मला काही आठवत नाही गं, रेणू. त्या दिवशी खूप पाहुणे होते."

पाहुणी मी एकटीच होते.

ईशान जिन्यात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "आई, डिड यू डू इट?" मी हो म्हटलं. तो वर निघून गेला.

तेव्हा ऐका. बटण मी दाबलं. तेवढं कागदावर लिहा, मी सही करते. पण "स्वतःच्या तांत्रिक निर्णयानुसार" यावर मी सही करणार नाही, साठ काय, सहाच दिवस दिलेत तरी. माझा तांत्रिक निर्णय कॉमेंट ४१२ मध्ये लिहिलेला आहे, तारखेसकट. ती बंद झाल्याची वेळ लॉगमध्ये आहे: रविवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. रविवारी दुपारी मी कुठे बसून, कोणाच्या सांगण्यावरून निर्णय घेत होते, हे अहवालात लिहावंसं तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही? तारा कोणी काढल्या, हा प्रश्न एकोणीस पानांत एकदाही नाही. अकरा मीटर कोणी मागितले, आणि कोणी मान डोलावली, तेही नाही.

त्या एकोणीस पानांत इमारतीची उंची सात वेळा आलीय, दशांशासकट. त्या बाईचा उल्लेख एकदाच आहे: "एक पादचारी." ती चालतही नव्हती. बटाटे घेऊन बसची वाट बघत उभी होती.

तुमचा कागद सही न करताच परत पाठवतेय. सोबत हे पत्र. आता मुदत मी देते, सोमवार सकाळपर्यंत. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेल्याचं काय होतं ते मी बघितलंय. लिहून द्या.

तिचं नाव काय होतं?