पतसंस्थेचे दगडी खांब

नवी पेठेतल्या नव्या पतसंस्थेचं आज उद्घाटन होतं आणि दारातले चार खांब त्रिंबकच्या हातचे होते. आतून प्लायवूड, त्यावर पीओपी आणि सगळ्यात वर काळ्या दगडाचा रंग. "माणसानं आत शिरताना मान वर करून बघितलं पायजे," एवढंच चेअरमन निंगप्पांनी सांगितलं होतं. त्रिंबकनं हुबेहूब दगड उतरवला. सकाळपासून तो स्वतःच त्या खांबांचे फोटो काढत होता. दुसरं कुणी कौतुक करेना की माणूस असा वागतो.

एवढ्यात वळसंगच्या बनाबाई आल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं त्यांनी सगळी मेंढरं विकली होती आणि उरलेलं आयुष्य काखेतल्या पिशवीतल्या पैशावर काढायचं होतं. त्यांनी मान वर केली. त्रिंबक धन्य झाला. मग बाजारात मडकं घेताना वाजवून बघतात, तसा बनाबाईंनी बोटाच्या पेरानं खांब वाजवला.

ढब ढब.

"आतनं मोकळा हाय की ह्यो!"

"मावशी, ती नुसती शोभा असती," त्रिंबक घाईनं म्हणाला. "मीच बनिवलाय."

"व्हय? मग तुझं पैसं कुटं हायती?"

थाप मारायला त्रिंबकनं तोंड उघडलं, पण म्हातारी आता त्यालाच वाजवून बघत असल्यासारखी बघत होती.

"हितंच," तो म्हणाला.

आणि म्हणता म्हणता त्याचा हात खिशातल्या पावतीकडं गेला. निंगप्पांनी त्याची सगळी फी रोख न देता ठेवीच्या पावतीत दिली होती. पावती घेताना तो जरा कचरला होता, पण समोर नजर गेली आणि वाटलं, एवढे भक्कम खांब असलेली संस्था बुडतीय कशाला? रंग आपणच दिलाय, हे तेव्हा त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

"आत काय हाय त्ये तुला ठावं हुतं," बनाबाई म्हणाल्या. "तरी ठेवलंस?"

"खांब बघून ठेवलं, मावशी."

बनाबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पिशवी काखेत घट्ट दाबून त्या आल्या वाटेनं परत निघाल्या.

त्रिंबक तडक काउंटरवर गेला. "ही पावती मोडायचीय."

"पाच वर्षं मोडता येत नाही, सर," काउंटरवरची सोनम गोड हसून म्हणाली. "आणि काळजी कसली करताय? बाहेरचे खांब बघा की, कसले दणकट आहेत!"