कूलरच्या शेजारी बिघडलेला आवाज

मित्रांनो, मी गिटारचा प्रोसेसर हाय. जुना म्हणा, सेकंडहँड म्हणा, चालतंय. फक्त डबा म्हणू नका. डोकं फिरतं माझं.

माझं काम सोपं करून सांगतो. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारच्यालाही ऐकू जात न्हाई. तिला अॅम्प लागतो. चांगले अॅम्प कपाटाएवढे असतात, उचलायला दोन माणसं लागतात. माझ्या पोटात तसल्या शंभर अॅम्पच्या नकला भरल्यात. गिटारची वायर माझ्यात, माझी वायर साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये. एक बटण दाबलं की मी हा, दुसरं दाबलं की मी तो. कारखान्यातून निघालो तवापासून मी असाच, चुळबुळ्या. एका आवाजात मला बसवत न्हाई.

माझा पहिला मालक विरूपाक्ष, निलंग्याचा. पुण्यात इंजिनिअरिंग करायचा. होस्टेलवर पोरं माझ्याभोवती जमायची, हे लाव, ते लाव करायची, वा वा म्हणायची. मग त्याला नोकरी लागली आणि मी बॅगेत घालून निलंग्याला माळ्यावर गेलो. खाली लोकं बोलायची, भांडायची, टीव्ही बघायची. आणि मी वर पडून. शंभर आवाज पोटात घेऊन किती दिवस गप पडावं माणसानं? त्यात यानं सेल आतच ठेवलेले. ते गळले, स्प्रिंगा हिरव्या पडल्या. मित्रांनो, मशीन ठेवून द्यायची असली तर सेल काढून ठेवा. एवढं तरी करा.

पुढं विरूपाक्षनं माझा फोटो मोबाईलवर टाकला आणि मला न्यायला लातूरहून लुंबिनी आली. नववीतून शाळा सोडलेली पोरगी. मास्तर एक बोलले, ही दोन बोलली, आणि परत गेलीच न्हाई. तिनं चाकूनं स्प्रिंगा खरवडल्या, नवे सेल घातले. मी चालू झालो. तिनं एका बैठकीत माझे सगळे आवाज बघून टाकले आणि म्हणाली, बस का, एवढेच? मला ती तिथंच आवडली.

तिचे काका आनंदराज यांची भीमगीतांची गायन पार्टी हाय. लुंबिनीची आत्या महामाया गाते, चुलतभाऊ अश्वजित कीबोर्डवर. जयंतीचे कार्यक्रम एप्रिलपासून जे सुरू होतात ते मे संपला तरी चालूच असतात. लुंबिनीला त्या पार्टीत गिटार वाजवायची होती. कोरसमध्ये टाळ्या वाजवून ती बेजार झालती.

तिनं माझा आवाज बसवला घरीच, कानात इअरफोन घालून. लातूरचा उन्हाळा, वर पत्रा, आणि खोलीत लोखंडी कूलर. तो कूलर सुरू झाला की ट्रॅक्टर आत आल्यासारखं वाटतं. गिटार ऐकूच येईना म्हणून ती माझं गेन वाढवत गेली. गेन म्हणजे आवाज फाडायचं बटण. मग ट्रेबल वाढवला, आवाजाला टोक यावं म्हणून. वरून एको. कूलरच्या वर चढून जो आवाज आला, तो तिला लई भारी वाटला. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू.

पहिला कार्यक्रम औशाला. मैदान उघडं, लोकं गप, महामाया आत्यानं डोळे मिटून संथ आलाप सुरू केला. आणि तिच्या आवाजाखाली मी. श्शशश. लुंबिनीनं तारेला हातसुद्धा लावला नव्हता. साउंडवाल्या रामलिंगनं माईक तपासले, वायरी हलवल्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला,

"भजे तळाया घेतले का रं मागं?"

सगळी रांग हसली. आत्याचा आलाप तुटला. मग लुंबिनीनं गिटार वाजवली तर असा किरकिरा आवाज निघाला की बायकांनी लेकरांच्या कानावर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी काकांनी निकाल दिला. अश्वजितच्या कीबोर्डमध्ये गिटारचं बटण हाय, तेवढं पुरे. लुंबिनीनं परत कोरसला बसावं, मशीन विकून टाकावी. अश्वजित म्हणाला, माझ्या बटणातून भजे तळल्याचा आवाज येत न्हाई. लुंबिनीनं उशी फेकून मारली त्याला. मग काकांपुढं उभी राहिली आणि हटेचना. शेवटी काका म्हणाले,

"शिरूर अनंतपाळला एक गानं देतो. एकच. त्यात बिघडलं तर मशीनबी गेली आन् तुझी हुज्जतबी."

मित्रांनो, माझ्या डोळ्यापुढं परत माळा दिसायला लागला.

लुंबिनी कामाला लागली, पण उलटीच. आवाज खराब आला म्हणून अजून गेन, अजून एको. शंभरातले नव्वद आवाज फिरवले. रागानं मला गादीवर आपटायची, लगेच उचलून पुसायची. आणि तो कूलर शेजारी गरगरतच होता.

एका दुपारी लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. मी सेलवर होतो, म्हणून चालूच राहिलो. लुंबिनीच्या कानात इअरफोन, बोटं तारांवर. खोली एकदम गप झाली आणि तिला मी ऐकू आलो. पहिल्यांदा. मधमाश्यांचं मोहोळ उठवल्यासारखा. तिनं हात थांबवला तरी माझं श्शशश सुरूच. तिनं इअरफोन काढला, परत घातला. मग मान वळवून कूलरकडं बघत बसली.

लाइट आली तशी उठून तिनं कूलरचं बटण बंद केलं. तिची माय दवाखान्यातली ड्युटी करून नुकती आडवी झालती.

"तुझ्या मशिनीपायी आमी उकडून मरावं का गं?"

लुंबिनीनं कूलर चालू केला, मला काखेत मारलं, गिटार पाठीवर घेतली आणि उन्हात निघाली. थेट रामलिंगच्या गोडाऊनला. जे स्पीकर शिरूरला जाणार त्यातूनच मला ऐकायचं, असं तिनं सांगितलं. बॉक्स गाडीत भरायचेत, नंतर ये, तो म्हणाला. ती दारातच उभी राहिली. शेवटी त्यानं वैतागून वायर दिली.

तिनं सगळं पुसलं. एको बंद. गेन इतकं खाली आणलं की मला नागडं झाल्यासारखं वाटलं. ट्रेबल कापला, बास थोडा कापला, मधला आवाज तेवढा वर घेतला. शंभरातून एक साधा अॅम्प ठेवला. मला राग आला. एवढं पोट भरून आलोय आणि ही मला डाळ-भात करायली. पण त्या मोठ्या बॉक्समधून तार वाजली तेव्हा ती तारच वाजली. रामलिंग बॉक्स उचलता उचलता म्हणाला, मघाशी ग्राइंडर होता, आता गिटार वाटायली.

शिरूरला आत्यानं तोच आलाप घेतला. मी चालू होतो आणि गप होतो. मित्रांनो, माझ्यासारख्याला हे किती अवघड हाय तुम्हाला सांगता येत न्हाई. आत्या थांबली आणि लुंबिनीनं चारच सूर लावले. ते आत्याच्या आवाजावर चढले न्हाईत, शेजारी जाऊन बसले. आत्यानं डोळे उघडून मागं बघितलं आणि पुढची ओळ जरा जोरात घेतली.

टाळ्या आत्याला पडल्या. आम्हाला कुणी विचारलं न्हाई. ठरलेलं एक गाणं झालं म्हणून लुंबिनी माझी वायर काढायला वाकली. आमच्या पार्टीत पुढच्या गाण्याची पट्टी काका नेहमी अश्वजितला सांगतात. त्या टायमाला त्यांनी मान लुंबिनीकडं वळवली.

"काळी दोन हाय. सुरवात तू कर."

तिनं वायर सोडली. गिटारचा पट्टा नीट केला आणि सुरवात केली.

तर मित्रांनो, मशिनीतून खराब आवाज आला की लगेच तिला विकायला काढू नका. आधी खोलीतलं बाकीचं सगळं बंद करा आणि ऐका. घाम येईल, येऊ द्या. आणि आवाज चांगला निघाला म्हणून मला तिथंच सोडूनही देऊ नका. एकावर माझं भागत न्हाई. अजून नव्याण्णव बाकी हायत, आणि त्यातला एखादा तरी लुंबिनीच्या कामाचा असणारच.