ओटचं पाणी

ताईचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान होतं आणि तिच्याकडच्या ओट या धान्याच्या पुडीचं चांगलं नाव होतं. फुटलेली कातडी असो, भांडी घासून सोलवटलेले हात असोत, उन्हाने भाजलेले गाल असोत, ती एकच सांगायची: पूड फडक्यात बांधा, कोमट पाण्यात पिळा, ते दुधाळ पाणी अंगावर घ्या आणि पुसू नका. गुण यायचा.

म्हणून धाकट्या भावाला खाज सुटली तेव्हा तो सरळ तिच्याकडेच आला. तो छापखान्यात कामाला होता. अंगावर पुरळ नव्हतं, चट्टा नव्हता, तरी तळहात, तळपाय खाजवून रक्ताळले होते. शाई बाधली असेल, असं ताई म्हणाली. ओटच्या पाण्याने तो निवला. झोप लागावी म्हणून तिने ओटच्या कोवळ्या लोंब्यांचा काढाही दिला. भावजय डॉक्टरकडे जाऊ म्हणत होती, पण घरातच वैद्य असताना रांगेत कोण ताटकळणार, असं म्हणून त्याने ते हसण्यावारी नेलं. ताईला ते ऐकून बरंच वाटलं.

खाज दबायची, परत उठायची, ताई परत पुडी द्यायची. असे पाच महिने गेले. मग एका सकाळी भावजयीने त्याला खिडकीशी उभं केलं. डोळे पिवळेजर्द झाले होते.

तपासणीत पित्ताच्या नळीत कर्करोगाची गाठ निघाली, यकृतापर्यंत पसरलेली; खाज सुटत होती ती तुंबलेल्या पित्तामुळे. खाज कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. भावजयीने नुसतं ताईकडे पाहिलं.

"पाच महिने," ताई म्हणाली. "मीच अडकवून ठेवलं त्याला."

शेवटी शेवटी गोळ्यांनीही खाज हटेना, तेव्हा भावजयीनेच ताईला बोलावून घेतलं. ताई रोज जाऊन ओटच्या पाण्यात फडकं बुडवून त्याचं अंग टिपायची. दोघी एका खोलीत असायच्या आणि पाणी गार झालं का, एवढंच बोलायच्या.

"तू नसतीस तरी मी दवाखान्यात गेलो नसतो, ताई," एकदा भाऊ म्हणाला. लहानपणीही तो असाच नजर चुकवून तिच्यासाठी खोटं बोलायचा.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी तिने दुकान उघडलं. दुसऱ्याच दिवशी एक शिंपीणबाई आली. खाज होती, पुरळ नव्हतं. ताईने पुडी दिली नाही, आधी रक्त तपासून घ्या म्हणून विनवलं. बाई वैतागली. साधे ओट तर मागतेय, असं पुटपुटत ती समोरच्या वाण्याकडे गेली आणि तिथून डबा घेऊन निघाली. ताई कोपऱ्यापर्यंत तिच्यामागे धावली. बाई गर्दीत दिसेनाशी झाली होती.