चार दिवसांचा खिळा

मित्रांनो, मला म्हातारी म्हणाल तर खबरदार. जुनी म्हणा. म्हातारं माणूस वाकतं, मी अजून काटकोनात उभी आहे.

मी एक जुनी खिडकी आहे. दोन झडपांची, सहा तावदानांची, अस्सल सागवानी. दगडखाणीकडे जाणाऱ्या गल्लीतल्या शेवटच्या घरात, पुढच्या खोलीत माझा मुक्काम. मुक्काम कसला, मी अडकून पडले आहे. पण ते ओघाने येईल. आधी माझे चांगले दिवस ऐका.

मला घडवणारा सुतार फार बोलत नसे. त्याने माझ्या झडपांवर असा रंधा फिरवला की बोट टेकवलं तर घसरावं. कडी काढली की मी एका बोटाने उघडत असे. समोरच्या घरातल्या खिडकीला मात्र दोघांनी खांदा लावावा लागे, आणि बंद करताना ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं किंचाळे. मी कुणाचं नाव घेत नाही. तुम्ही गल्लीत आलात तर आपोआप कळेल.

आमच्या घरचा मालक खाणीतला सुरुंगवाला. खडकात भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, भोंगा वाजवायचा आणि खडक फोडायचा, हे त्याचं काम. त्याची बायको शिवणकाम करते. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते. तिचं मशीन अगदी माझ्या खाली असतं. उजेड माझा, टाके तिचे. रस्त्याने जाणारी बाई माझ्या गजांतून डोकावून विचारायची, "वहिनी, बाही झाली का?" आणि वहिनी दातात दोरा धरून म्हणायची, "अगं, काल कापड दिलंस, आज बाही मागतेस. मी माणूस आहे की मशीन?" अशी माझ्या चौकटीत दिवसभर बोलाचाली चाले. मला कान टवकारावेच लागत नसत.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगते. दुसरीकडे भोंगा झाला की माणसं दारं-खिडक्या लावून घेतात. आमच्याकडे उलटं. भोंगा झाला की साऱ्या खिडक्या सताड उघडायच्या. सुरुंगाचा धक्का हवेतून येतो. खिडकी उघडी असली तर तो घरात शिरतो आणि निमूट निघून जातो. बंद असली तर काचेवर डोकं आपटतो. म्हणून भोंग्याला उघडायचं, स्फोट झाला की धूळ पोचायच्या आत मिटायचं. त्या मधल्या वेळात चपळाई दाखवायची ती आम्ही. मित्रांनो, गल्लीत सगळ्यात आधी मी उघडत असे आणि सगळ्यात आधी मीच मिटत असे. माझं एकही तावदान कधी तडकलं नव्हतं. एवढा तोरा मिरवायचा मला हक्क आहे.

मग खडी फोडायचं मशीन खाणीच्या आतून उचलून गल्लीच्या तोंडाशी आणून बसवलं. धूळ मग सुरुंगापुरती राहिली नाही, ती दिवसभर यायला लागली. वहिनीने पांढरं कापड पसरलं की संध्याकाळी ते राखेच्या रंगाचं व्हायचं. गिऱ्हाइकं कुरकुरली. वहिनी खोकायला लागली. सुरुंगवाल्याला ते बघवेना. सुट्टीच्या दिवशी त्याने हातोडी घेतली, माझ्या दोन्ही झडपा मिटल्या आणि जोडावर एक लांब खिळा ठोकला.

"अहो, हे काय करता?" वहिनी म्हणाली.

"चार दिवस गं. खाणवाले खडीच्या मशीनवर पत्रे चढवणार आहेत, पाणी मारणार आहेत. मग काढतो."

बिचाऱ्याने मायेनेच ठोकला. पण माया कुठे ठोकावी याचंही भान लागतं. पत्रे चढले नाहीत. पाणी पहिले काही दिवस मारलं, मग पंप बिघडला. चार दिवसांची वर्षं झाली, खिळा गंजून माझ्याच अंगाचा झाला. एके काळी एका बोटाने उघडणारी मी, आता नाक दाबलेल्या माणसासारखी उभी. बोलाचाली बंद. बिजागऱ्या आखडल्या. रस्त्यावर बायका तोंड हलवताना दिसतात, शब्द मात्र बाहेरच राहतात. कोळ्याने वरच्या कोपऱ्यात संसार थाटला आणि मी त्याला हुसकावूही शकले नाही.

आणि भोंगा? तो वाजतच राहिला. पहिल्याच स्फोटाला माझी खालची काच अशी थरथरली की मला वाटलं, गेले मी आज. वहिनी मशीनवरून उठली. तिने दोन्ही तळवे माझ्या काचेवर सपाट टेकवले आणि डोळे मिटून उभी राहिली. काच वाचली. तेव्हापासून तीच सवय लागली. भोंगा झाला की हातातलं टाकायचं, धावत यायचं, काच धरायची. तिचं बघून शेजारणी शिकल्या, कारण धुळीपायी एव्हाना साऱ्या गल्लीने आपापल्या खिडक्या ठोकून घेतल्या होत्या.

मित्रांनो, यातली खरी गंमत, गंमत म्हणायची लाज वाटते, पण ऐका. सुरुंगवाल्याला हे ठाऊकच नव्हतं. भोंगा वाजतो तेव्हा तो नेहमी खाणीत असतो. बत्ती द्यायला तो तिकडे, काच धरायला ही इकडे. आणि वहिनीने कधी सांगितलं नाही. सांगून काय, नोकरी सोडा म्हणायचं?

एक दिवस खाणीचा साहेब घरी आला. खाण वाढवायची होती, गल्लीच्या बाजूने. त्यासाठी गल्लीचं म्हणणं विचारायचं होतं. "सगळ्यात जवळचं घर हेच. इथेच बसू," साहेब म्हणाला. नव्या जागी चाचणीसाठी एक छोटा सुरुंगही त्याने लावून घेतला होता. सुरुंगवाल्याच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "आज तुझा जोडीदार उडवेल. तू मुद्दाम घरी बस. काही होत नाही हे तुझ्या तोंडून लोकांना सांग. तुझा शब्द लोक मानतात."

सुरुंगवाल्याने लोकांना बसायला सतरंजी अंथरली. नाही म्हणावं तर चूल त्या खाणीवर, हो म्हणावं तर भिंतीपर्यंत सुरुंग. खिळा फक्त मलाच ठोकला होता असं समजू नका.

खोली भरली. लांब्या नावाचा डंपर ड्रायव्हर दारातच उकिडवा बसून म्हणाला, "खाण वाढली नाही तर जुना खडक संपतोय. मग मी काय डंपरमधून कोथिंबीर विकू?"

"वीक की," इस्त्रीवाला म्हणाला. "निदान हिरवी तरी राहील. माझ्याकडे पांढरा शर्ट देणारा माणूस राखाडी शर्ट घेऊन जातो. परवा एकजण म्हणाला, मामा, हा माझा नाहीच."

"तुझे शर्ट घालणारे पगार कुठून आणतात रे?" चहावाली काकू त्याच्यावर उखडली. "खाणीतूनच ना? माझी टपरी ड्रायव्हरांवर चालते. खाण वाढू दे. मी तर हात वर करणार."

"काकू, विहिरीचं पाणी किती खाली गेलं, ते तर बघ!" इस्त्रीवाला म्हणाला.

"चहाला पुरतंय."

सगळे हसले. साहेबही हसला. वहिनी भिंतीशी उभी राहून खोकला गिळत होती. साहेब सुरुंगवाल्याकडे वळला. "हं, आता तू सांग."

आणि भोंगा वाजला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी बरंच पाहिलं, पण असं नाही. कुणी कुणाला खूण केली नाही. खोलीतल्या साऱ्या बायका एकदम उठल्या आणि चपला न घालताच आपापल्या घरांकडे पळाल्या. सगळ्यात पुढे चहावाली काकू. वाढवा म्हणणाऱ्या पळाल्या, नको म्हणणाऱ्याही पळाल्या. साहेब गोंधळून म्हणाला, "अहो, कुठे चाललात? बैठक अजून संपली नाही!"

वहिनी माझ्याकडे आली. तिने पदराला हात पुसले, तळवे माझ्या काचेवर टेकवले आणि डोळे मिटले.

सुरुंगवाला तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याची नजर माझ्या खिळ्यावर गेली. तो उठला, तिच्या मागे उभा राहिला आणि आपले दारूने काळवंडलेले तळवे त्याने तिच्या हातांच्या शेजारी टेकवले. धक्का आला. मी नखशिखान्त हादरले, पण चार हातांनी धरलेली काच फुटली नाही.

धूळ बसली. बायका परत आल्या. काकूच्या हाताला तिच्या घरच्या कपाटाच्या काचेवरची धूळ तशीच होती.

"काय काकू," लांब्या म्हणाला, "तुला तर खाण हवी ना?"

"हवीच आहे. म्हणून काय बरण्यांचं कपाट फोडून घेऊ?"

साहेबाने घसा खाकरला. "असो. पाहिलंत ना सगळ्यांनी? एकही काच फुटली नाही. सांग रे बाबा त्यांना, काही झालं का?"

"नाही झालं साहेब," सुरुंगवाला म्हणाला. त्याचे हात अजून माझ्यावरच होते. "धरलं होतं म्हणून नाही झालं. धोका नाही असं मी सांगणार नाही."

लांब्या मान खाली घालून बसला. काकूने हाताची धूळ पदराला पुसली.

साहेब गेला, निर्णय लोंबकळत राहिला. खाण वाढली नाही, थांबलीही नाही. आहे त्याच खडकात सुरुंग लागतात, आणि सुरुंगवाला रोज सकाळी तिकडेच जातो. जाणार कुठे? त्या संध्याकाळी पक्कड घेऊन तो माझ्यापाशी बसला होता. खिळ्याचं डोकं तुटून हातात आलं, धड आतच राहिलं. "काढायचा तर झडपा फोडाव्या लागतील," तो म्हणाला. वहिनी म्हणाली, "राहू द्या. आहे तेवढी तरी उभी राहू दे."

तर मी अजून बंदच आहे. बदललं ते एवढंच की भोंगा आता पूर्वीपेक्षा लांबतो. खाणीतले लोक म्हणतात, सुरुंगवाल्याचं बोट बटणावर अडकतं. अडकत नाही. वहिनीला हातातलं टाकून, हात पुसून माझ्यापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो बटण सोडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिच्या बिजागऱ्यांना तेल घाला, कडी रोज एकदा तरी काढा. आणि कुणी हातोडी घेऊन, चार दिवसांपुरतं ठोकतो म्हणालं, तर पाचव्या दिवशी पक्कड घेऊन त्याच्यापुढे उभे राहा. लाजू नका. आमच्या घरात कुणी उभं राहिलं नाही.

माझ्या काचेवर चार तळव्यांचे ठसे आहेत. वहिनी सगळी काच पुसते, तेवढा भाग सोडते. थांबा, भोंगा झाला. ती येतेच आहे.